माझा नंबर काढू की नको?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४३. घरी शिवणकाम करतात, त्यातही ब्लाउज आणि फॉल-पिको जास्त. आठवीपासून चष्मा. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ३, डाव्याचा उणे २.७५, आणि गेली पंधराएक वर्षं तो हललेला नाही. मुलगा २० वर्षांचा, फिटरचा आयटीआय झालेला, रेल्वे आणि पोलिस अशा दोन्ही भरतींच्या मागे आहे. त्याचा नंबर गेल्या वर्षी उणे २.७५ होता, यंदा उणे ३.५. अकॅडमीतल्या सरांनी त्याला सांगितलं, 'लेझर करून टाक, कटकटच नको.' म्हणून मायलेक लेझरनं चष्म्याचा नंबर काढणाऱ्या शहरातल्या एका केंद्रात चौकशीला गेले. तिथल्या मुलीनं आईकडे बघून विचारलं, 'काकू, तुमचंही करून टाकायचं का? दोघांचं एकदम केलं तर सूट आहे, पण महिनाअखेरपर्यंतच.'

तेव्हापासून ताईंच्या डोक्यात ते घोळतंय. नवरा म्हणतो, मुलाचं ठीक आहे, तुला या वयात कुणाला दाखवायचंय? सासूबाई म्हणतात, डोळ्याशी खेळ नको. वैशाखात भाचीचं लग्न आहे. ताईंनी आणखी एक लिहिलंय, ते त्यांच्याच शब्दांत देते: 'मला बघायला आले तेव्हा आईनं चष्मा काढून ठेवायला लावला होता. पोह्यांची बशी मी अंदाजानं पुढं केली. नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला तो नंतर, त्यांनी पाठवलेला फोटो डोळ्यांजवळ धरून.'

त्यांचे प्रश्न चार. मुलाचं करून घ्यावं का? माझं करणं ही नुसती हौस आहे का? लेझरनं डोळा भाजत तर नाही ना? आणि परत चष्मा लागणार नाही ना?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे. 'सुई ओवताना मी चष्मा डोक्यावर सारते, तसं जास्त बरं दिसतं.' बाकीचं सगळं पत्र दूरच्या नजरेबद्दल आहे आणि तुमचा धंदा चालतो तो या कंसातल्या नजरेवर. उत्तर मी तिथूनच सुरू करणार होते. पण आधी तुमच्या यजमानांचा प्रश्न निकालात काढते, नाहीतर मला चैन पडायचं नाही.

'या वयात कुणाला दाखवायचंय?' हा प्रश्नच चुकीचा आहे. चष्मा का नको, हे तुम्ही सविस्तर लिहिलंय. भाताचं झाकण काढलं की काचा धुरकटतात. पावसात स्कूटीवर पुढचं दिसत नाही. इस्त्री करताना वाफेनं तेच. नाकावर दोन खळगे कायमचे. यात 'दाखवणं' कुठं आलं? आणि समजा, आलं. भाचीच्या लग्नात पैठणी नेसून बिनचष्म्याचा एक फोटो हवासा वाटला, तर त्यात कुणाचं काय गेलं? पन्नाशीचा पुरुष मिशांना कलप लावतो तेव्हा त्याला कुणी वय विचारत नाही. पुढं मी जे लिहिणार आहे त्यातला काही भाग वाचून यजमानांना आपणच जिंकलो असं वाटेल. तसं वाटू देऊ नका. त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं.

पोह्यांचा किस्सा वाचून मी आधी हसले आणि मग गप्प झाले. ज्या मुलीला चष्मा लपवायला लावला, तिला वीस वर्षांनी कुणी 'तुमचंही करून टाकू' म्हटलं, तर मोह होणारच. मी स्वतः पस्तिशीत उणे सातचा नंबर घेऊन तपासणीला गेले होते. कॉर्निया पातळ निघाला, डॉक्टर नाही म्हणाले. येताना रिक्षात बसून रडले. ते रडणं त्या दिवसाचं नव्हतंच, शाळेतलं होतं. 'ढापणी' म्हणायच्या मुली. तेव्हा एवढं एकदा स्वतःशी बघून घ्या, की लेझर तुम्हाला आत्ताच्या रोजच्या दिवसासाठी हवंय की त्या पोह्यांच्या बशीसाठी. रोजच्या दिवसासाठी हवं असेल, तर हिशेब मांडता येतो. मांडूया.

उणे ३ म्हणजे काय? १०० ला ३ नं भागा, ३३ येतात. चष्म्याशिवाय तुमच्या उजव्या डोळ्याला ३३ सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण फूटभरावर, कसलाही ताण न देता लख्ख दिसतं. सुईचं नेढं, हूक, काजाची टीप, अस्तराला जुळणारा दोरा, सगळं बरोबर त्या फूटभरात येतं. शिवणकामाचा चष्मा तुम्हाला डोळ्यातच मिळालेला आहे आणि तुम्ही तो इतकी वर्षं फुकट वापरताय.

तुमच्या वयाच्या, कधीच चष्मा न लागलेल्या मैत्रिणींकडे जरा बघा. मोबाइल हात लांब करून धरायला लागल्या असतील. औषधाच्या पट्टीवरची तारीख मुलांना वाचायला लावत असतील. आपल्या भाषेनं या दुखण्याला वयाचंच नाव देऊन टाकलंय: चाळिशी. डोळ्याच्या आत एक भिंग असतं. जवळचं बघताना ते फुगावं लागतं. वय वाढतं तसं ते ताठर होतं, हवं तेवढं फुगत नाही, आणि साठीपर्यंत हे वाढतच जातं. ही चाळिशी तुम्हालाही लागलीच असणार, फक्त तुम्ही चष्मा डोक्यावर सारता म्हणून ती लपून राहिलीय. लेझरचं काम चालतं ते कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर. चाळिशी बसलेली असते त्याच्या मागच्या भिंगात. नंबर काढण्याचं लेझर तिथवर जात नाही.

मग दोन्ही डोळ्यांचा नंबर पूर्ण काढला तर काय होईल? एसटीची पाटी लांबून बिनचष्म्यानं वाचाल. आणि सुई ओवायला चष्मा लागेल. आज कदाचित एक नंबरचा, पन्नाशीनंतर दोनचा, साठीत अडीचचा. दूरचा चष्मा देऊन जवळचा घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. ट्रक चालवणाऱ्याला किंवा दिवसभर शेतात असणाऱ्याला तो फायद्याचा पडू शकतो. मशीनवर रोज सात-आठ तास मान घालणाऱ्या बाईला पडेल का, याची मला शंका आहे. 'परत चष्मा लागणार नाही ना?' याचं उत्तर तुमच्या वयाला 'लागणार' असंच आहे. केंद्रातल्या मुलीनं हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं होतं. ती २५ वर्षांची असेल, तिला चाळिशी हा शब्द आजीच्या चष्म्यापुरता माहीत असेल, सोडून द्या.

माझ्या शब्दावरही जाऊ नका. घरच्या घरी बघता येतं. आठ दिवस चष्मा सकाळी घातला की रात्रीच काढायचा. सुई ओवताना डोक्यावर सारायचा नाही. मापाच्या वहीतले आकडे, साबुदाण्यातले खडे, रात्री अंथरुणावरचा मोबाइल, सगळं चष्म्यातूनच. संध्याकाळच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा चालवून बघा. लेझरनंतर जवळचं तुम्हाला साधारण एवढंच दिसेल. खरं तर किंचित कमीच, कारण माइनसच्या चष्म्यातून जवळचं बघताना डोळ्याला थोडे कमी कष्ट पडतात आणि लेझरनंतर ती सवलतही जाते. फक्त चष्मा बरोबर नंबरचा असू द्या, नाहीतर निष्कर्ष चुकेल. आठ दिवस निभावलं तर पुढची तपासणी करायला हरकत नाही. तिसऱ्याच दिवशी वैतागून चष्मा मशीनच्या खणात टाकलात, तर केंद्रात जायचे पैसे वाचले.

मधला एक रस्ता आहे, त्याला मोनोव्हिजन म्हणतात. एका डोळ्याचा नंबर पूर्ण काढायचा, दुसऱ्यात मुद्दाम उणे सव्वा-दीड ठेवायचा. एक डोळा दूरचं सांभाळतो, दुसरा जवळचं, आणि मेंदू दोघांचं जुळवून घेतो. काहींचं छान जुळतं. काहींना गरगरतं. खोलीचा अंदाज थोडा कमी होतो, आणि दोरा नेढ्यात घालताना नेमका तोच लागतो. शिवाय उणे दीडचा डोळा लख्ख बघतो तो ६६ सेंटीमीटरवर. कापड बेतायला ते ठीक, पण हातशिलाईला पुढंमागं कमी पडणार. हे सगळं कळायला डोळा कापायची गरज नाही. तेवढाच फरक ठेवून कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्या आणि आठ-दहा दिवस तसं राहून बघायचं. मोनोव्हिजन सुचवणारे डॉक्टर ही चाचणी आधी करून देत नसतील, तर तिथून उठून या.

आता भाजण्याचं. नाही, भाजत नाही, आणि यामागं एक गंमतशीर गोष्ट आहे. १९८१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ काम करत होते. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि एक्सायमर नावाच्या, अतिनील किरणांच्या लेझरखाली धरलं. स्वच्छ खाच पडली, कडा करपल्या नाहीत. हे अतिनील किरण मांसाला जाळत नाहीत, रेणूंमधली बंधनं तोडून तेवढाच थर उडवतात. शिळ्या जेवणातून निघालेल्या त्या शोधावर पुढं डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपली शस्त्रक्रिया उभी केली.

पण भाजत नाही म्हणजे काही होतच नाही, असं नाही. काय होतं ते तुम्हाला मापातच सांगते. कॉर्निया सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड, ५४० मायक्रॉनच्या आसपास. लॅसिक नावाच्या पद्धतीत त्याचा वरचा साधारण ११० मायक्रॉनचा पापुद्रा कापतात, एका कडेला जोडलेला ठेवून बिजागरीसारखा उलटा करतात, खालचा भाग लेझरनं तासतात आणि पापुद्रा परत अंथरतात. टाका नाही. एका नंबरमागं साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात, तेव्हा तुमच्या तीन नंबरला ४५ धरा. ५४० मधून ११० आणि ४५ गेले की ३८५ उरले. निदान २५० उरलेच पाहिजेत, आणि बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार नसतात. तुम्ही ब्लाउजला आत माया ठेवता ना, पुढं उसवून वाढवता यावं म्हणून? इथली माया वाढवण्यासाठी नसते. डोळ्याच्या आत कायम एक दाब असतो, तो पेलण्यासाठी असते. ती कमी पडली किंवा कापडच मुळात विरलेलं असलं, तर कॉर्निया हळूहळू पुढं फुगत जातो आणि नजर वेडीवाकडी होते. बेतताना चुकलेलं कापड किती सावरता येतं, हे तुम्हाला मी काय सांगणार!

पापुद्रा न उलटता छोट्या चिरेतून आतली चकती काढून घेण्याची स्माइल नावाची पद्धत आहे. पापुद्राच न करता वरची नाजूक साल काढून थेट लेझर मारायची पीआरके ही जुनी पद्धतही आहे. तिच्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर बसायला काही आठवडे लागतात, पण कुस्ती-कबड्डीवाल्यांना ती बरी, धक्का लागून पापुद्रा सरकायची भीती नसते. सगळ्या पद्धतींत कापड कमीच होतं. कोणती भारी आणि किती महाग, हा प्रश्न फार पुढचा.

तुमच्या बाबतीत मला कोरडेपणाची जास्त काळजी वाटते. कापताना कॉर्नियातल्या नसा तुटतात, डोळ्याला ओलाव्याची गरज कळेनाशी होते. बहुतेकांना सहा महिन्यांत आराम पडतो, काहींना पडत नाही. तुम्ही रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर आहात, त्या वयात बायकांचे डोळे तसेही कोरडे पडायला लागतात. शिवाय बारीक कामात माणूस पापणी लवायला विसरतो. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, असं तुम्ही आत्ताच लिहिलंय. तेव्हा तपासणीला जाल तेव्हा पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात ती अश्रूंची चाचणी करून मागा. पट्टी दहा मिलिमीटरपर्यंतही भिजली नाही, तर आधी त्या कोरडेपणाचं बघायचं, लेझरचं नंतर.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लॅसिक केलेल्या लोकांना शस्त्रक्रियेआधी आणि नंतर बारकाईनं प्रश्न विचारले होते. आधी कोरडेपणाचा त्रास नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. आधी दिव्यांभोवती वलयं दिसत नव्हती अशांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना ती दिसत होती. आणि याच लोकांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जण नजरेवर खूश होते. यातला एकच आकडा सांगणाऱ्या माणसापासून सावध राहा, मग तो केंद्रातला असो की सासूबाईंच्या बाजूचा. वलयं म्हणजे काय, ते गळीत हंगामात रात्री स्कूटीवरून येताना समोरून एका दिव्याचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आला की कळतं. वलयांचा त्रास बऱ्याच जणांचा काही महिन्यांत कमी होतो, तोवर रात्रीची गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची.

आता मुलाचं. 'मुलाचं ठीक आहे' हे तुमच्या घरात सगळ्यांनीच धरून चाललंय, तुम्हीसुद्धा. माझ्या मते तुमच्याआधी त्याचंच थांबवायला हवं.

त्याचा नंबर वर्षात पाऊण वाढलाय. लेझरसाठी नंबर निदान वर्षभर स्थिर लागतो, अर्ध्याहून जास्त हललेला चालत नाही. आज काढला तर आजच्या नंबरापुरता निघेल. डोळा पुढं वाढला की नवा नंबर येईल, आणि तेव्हा माया कमी झालेली असेल. त्याहून मला खटकली ती तुमची दुसरी ओळ. ऊसतोड सुरू झाली की धुळीनं त्याचे डोळे खाजतात आणि तो ते चोळत बसतो. ॲलर्जी, चोळण्याची सवय आणि विशीत वाढता नंबर हे तीन एकत्र दिसले की डॉक्टर केराटोकोनसची शंका घेतात. या आजारात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढं येतो. त्याला तो असेलच असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलही. पण असला आणि लेझर मारलं, तर नुकसान मोठं. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी, पेंटाकॅम किंवा तशी, लेझर करायचं नसलं तरी त्याची करून घ्या. लवकर सापडला तर क्रॉसलिंकिंग नावाच्या उपचारानं तो पुढं जायचा थांबवता येतो. आणि चोळणं आजपासून बंद. खाज सुटली तर गार पाण्याची पट्टी ठेवायची आणि डॉक्टरांकडून ॲलर्जीचे थेंब लिहून आणायचे. औषधाच्या दुकानातून मनानं आणलेले थेंब घालायचे नाहीत, त्यात स्टेरॉइड असलं तर काचबिंदूपर्यंत गोष्ट जाते.

आणि नोकरीचं म्हणाल, तर अकॅडमीतल्या सरांनी जाहिरात पूर्ण वाचलेली दिसत नाही. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दोन्ही डोळे बिनचष्म्याचे ६/६, म्हणजे तक्त्यावरची पूर्ण नजर, लागतात, आणि लॅसिक किंवा नंबर काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया केलेला उमेदवार त्या पदाला अपात्र असं जाहिरातीत छापलेलं असतं. म्हणजे तुमच्या मुलाला ते दार आज नंबरामुळे बंद आहे आणि लेझर केल्यावर लेझरमुळे बंद राहील. उलट रेल्वेतल्याच ज्या पदांना बी-वन हा वैद्यकीय वर्ग लागतो, तिथं चष्म्यासकट एका डोळ्याची ६/९ आणि दुसऱ्याची ६/१२, म्हणजे थोडी कमी नजरही चालते, चष्म्याची पॉवर ४ च्या आत हवी एवढंच. फिटरच्या पोरानं आधी हा तक्ता बघायला हवा. सीडीएसच्या, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी व्हायच्या परीक्षेच्या, जाहिरातीत हवाई दलाचे निकष पाहिले तर तिथं तिसराच प्रकार: वयाची २० वर्षं पुरी व्हायच्या आत केलेलं लॅसिक चालत नाही, करून १२ महिने झालेले असावे लागतात, उरलेल्या कॉर्नियाची जाडीही मोजतात. पोलिस, सैन्य, निमलष्करी दलं, प्रत्येकाचं पान वेगळं आणि पदागणिक वेगळं. ज्या भरतीला बसायचंय तिची ताजी जाहिरात घ्या, वैद्यकीय निकषांचं पान काढा आणि शस्त्रक्रियेबद्दलच्या ओळीखाली पेन्सिल मारा. ते पान घेऊन डॉक्टरांपुढं बसा. आणि 'करून टाक, कळत नाही कुणाला' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तपासणीच्या यंत्राखाली पापुद्र्याची कड दिसते, नकाशावर तासलेला भाग दिसतो.

एक वर्ष त्याला थांबू दे. सहा-सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडून नंबर तपासायचा, आकडे वहीत लिहायचे. नंबर थांबला, नकाशा चांगला आला आणि त्याला हवी ती भरती शस्त्रक्रिया चालवून घेत असली, तर २१-२२ हे लेझरला चांगलं वय आहे, तेव्हा मी त्याला अडवणार नाही. निर्णय मात्र त्याचा. तो सज्ञान आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचं स्वतःचं म्हणणं मला कुठंच सापडलं नाही. सरांचं आहे, वडिलांचं आहे, त्याचं नाही.

केंद्रातल्या त्या सवलतीचं काय करायचं, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. एका वयाचा डोळा आणि दुसऱ्या वयाचा डोळा एका पावतीवर कसा येणार? साडीवर साडी फुकट असते, तिथं घाई करा. आणि पैशाचं आधीच विचारून ठेवा: मेडिक्लेम यात कामाला येत नाही. ७.५ पेक्षा कमी नंबर काढण्याचा खर्च पॉलिसीच्या सर्वसाधारण वगळणुकीतच असतो, म्हणजे सगळं घरचंच जाणार. पुढं नंबर थोडा परत आला तर दुसऱ्यांदा करायचे पैसे घेतात का, किती वर्षांपर्यंत घेत नाहीत, हेही लेखी घ्या.

मिरज तुम्हाला जवळ आहे, दवाखान्यांचंच गाव ते. लेझर विकत नसलेल्या एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडे, किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात, थेंब घालून बाहुली मोठी करून दोघांचाही डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासून घ्या. ज्यांचा माइनस नंबर असतो त्यांचा डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, आणि लेझरनं पुढचा नंबर गेला तरी मागचा पडदा तसाच राहतो. नंबर गेला म्हणून पुढं कधीच डोळे न दाखवणारे लोक मी पाहिलेत. थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं धुरकट दिसतं, तेव्हा त्या दिवशी कुणाचा ब्लाउज द्यायचा कबूल करू नका. तुम्ही पुढं कधी लेझर केलंच, तर आधीचा नंबर, कॉर्नियाची मापं, नकाशा, सगळं फाइलीत जपून ठेवा. मोतीबिंदूच्या वेळी आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना डॉक्टरांना ते लागतं. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात, तोही लेझरनंतर खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून लेझर झालंय हे दरवेळी सांगायचं.

माझा कौल विचाराल तर तुमचं आत्ता नको. शिवणकाम सुटलं, किंवा आठ दिवसांची ती चाचणी तुम्ही हसत-खेळत पार पाडलीत, तर मत बदलायला मी तयार आहे. वाफेवर आणि पावसावर तोवर साधे उपाय आहेत. धुकं न धरणारा थर दिलेल्या काचा मिळतात, आणि नाकावर खळगे पडतात ते बहुतेक वेळा फ्रेम जड किंवा नाकाच्या पट्ट्या चुकीच्या असल्यामुळे. आठवीपासून तुम्ही एकाच पद्धतीची फ्रेम वापरत असाल, अशी माझी पैज आहे.

आणि वैशाखातला फोटो. त्यासाठी एका दिवसाच्या, वापरून टाकून द्यायच्या कॉन्टॅक्ट लेन्स मिळतात. चष्म्याच्या दुकानातून नुसत्या नंबरावर आणू नका, डॉक्टरांकडून मापानं घ्या आणि लग्नाआधी निदान चार वेळा घालायची-काढायची सवय करा. हात साबणानं धुवायचे, कोरडे पुसायचे. आधी लेन्स, मग काजळ, तेही पापणीच्या बाहेरच्या कडेला. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, रात्री त्या घालून झोपायचं नाही, डोळा लाल झाला तर त्याच क्षणी काढून टाकायच्या. चष्मा पर्समध्ये असू द्या. अक्षता पडल्या की कुणीतरी आहेराची वही आणि पाकिटं तुमच्याच हातात देईल. लेन्स घातलेल्या डोळ्यांनी पाकिटावरचं नाव वाचायला वही किती लांब धरावी लागते ते बघा, आणि वीतभर की हातभर, ते मला कळवा.